माइक माझ्याच हातात होता : नटाने सांगितलेलं विज्ञान आणि आमची सोसायटी

घोडबंदरी (धागालेखिका)

आठवडाभर पोटात ढवळतंय म्हणून लिहायला बसले. लांबेल, चहा घेऊन बसा.

आमची सोसायटी ठाण्यात, मानपाड्याच्या पुढे. सात विंग, सार्वजनिक गणपती. अंताक्षरी, फॅन्सी ड्रेस, पाककृती स्पर्धा असे दिवस वाटलेले असतात आणि एक दिवस प्रबोधनाचा. वक्ता आणायचं काम यंदा सांस्कृतिक समितीत माझ्या गळ्यात पडलं. समितीपुढे दोन नावं होती. एक आमच्याच बी विंगमधले काका. अणुशक्तीनगरला, अणुसंशोधन केंद्रात उभा जन्म नोकरी करून निवृत्त झालेले, मानधन शून्य, रिक्षाभाडंही नाही. दुसरे एक मालिकेतले नट. पौराणिक मालिकेत ऋषींचं काम करतात आणि कोणाच्या तरी साडूच्या ओळखीचे. समितीत आम्ही नऊ जण. काकांना एक मत पडलं. तेही माझं नव्हतं.

विषय त्यांनीच कळवला, 'अध्यात्म आणि विज्ञान'. क्लब हाउसमध्ये खुर्च्या कमी पडल्या, इतकी गर्दी. दोन आज्या तर आल्या आल्या त्यांच्या पाया पडल्या. गृहस्थ जीन्स-कुर्त्यात होते, दाढीही नव्हती, पण आज्यांना दाढी दिसत असणार. आवाज असा की मंगळागौरीची गाणी म्हणणाऱ्या आमच्या बायका चिडीचूप. मग सुरू झालं. देवळातली घंटा सात धातूंची असते आणि तिचा नाद बरोबर सात सेकंद टिकतो, कारण शरीरात चक्रं सात. नासाने सूर्याचा आवाज रेकॉर्ड केलाय आणि तो ॐ आहे. ग्रहणात अन्नातले जंतू कसे वाढतात ते आता 'क्वांटम'ने सिद्ध केलंय. प्रत्येक वाक्याला टाळी. बी विंगचे काका तिसऱ्या रांगेत मांडीवर छत्री घेऊन बसले होते. टाळ्या वाजवत नव्हते आणि बोलतही नव्हते.

शेवटी सी विंगमधल्या आठवीतल्या एका मुलाने हात वर केला. मी निवेदिका, म्हणून माइक त्याच्याकडे नेला. तो म्हणाला, "सूर्य आणि आपल्यामध्ये हवा नाही, मग आवाज कसा आला?" सभागृहात कोणीतरी हसलं. पाहुणे गोड हसून म्हणाले, "बाळा, विज्ञानाला अजून तिथवर पोचायचंय." मुलगा म्हणाला, "पण नासा म्हणजे विज्ञानच ना?" आणि मी माइक ओढून घेतला. "वेळेअभावी प्रश्नोत्तरं आवरती घेऊ या." आरतीला अजून वीस मिनिटं होती. शाल, श्रीफळ, पाकीट, फोटो.

पाहुण्यांचा राग मला येत नाही. त्यांना बोलावलं, ते बोलले. आपण फक्त चेहरा बघून ऐकतो का, एवढंच विचारायचं होतं. आणि मी माइक का ओढला, हेही. पण ते तुम्ही कुठून सांगणार!

---

टवाळपाळी

रुमाल टाकून जागा धरून ठेवतो. चहा संपला, दुसरा ठेवलाय.

पैठणीच्या खेळापेक्षा मानधन जास्त होतं की कमी, तेवढं सांगा.

---

उपवनची_आत्या

पाया पडण्याचं नवल नको. दूरदर्शनवर १९८७-८८ साली रामायण लागायचं तेव्हा आमच्या नौपाड्याच्या चाळीत टीव्हीला हार घालायचे आणि शेजारी उदबत्ती लावायचे. माझे आजोबा आंघोळ केल्याशिवाय टीव्हीसमोर बसत नसत. पुढे १९९१ साली त्यातली सीता आणि रावण दोघंही एकाच पक्षातून लोकसभेवर निवडून गेले! तेव्हा तुमच्या आज्यांना हसू नका, त्यांची पिढी आम्हीच घडवलीय.

---

संपादक मंडळ

कोणाचंही नाव घेतलं गेलेलं नसलं तरी धागा निवडणुकीकडे वळताना दिसतोय. पक्ष, मंत्री आणि मतं बाजूला ठेवा. धाग्याला कुलूप लावायची वेळ आणू नका.

---

नेरूळची_सिस्टर

मी नवी मुंबईत परिचारिका होते, आता निवृत्त. एक दुसरी बाजू सांगते.

पोलिओच्या रविवारी आम्ही तुर्भे स्टोअरला बूथ लावायचो. पहिल्या वर्षांमध्ये आया दार लावून घ्यायच्या. डोस पाजला की मूल आजारी पडतं, पुढे त्याला मुलं होत नाहीत, असं काय काय पसरलेलं. डॉक्टर जाऊन समजावायचे. डॉक्टरांचं इंग्रजीमिश्रित मराठी त्यांच्या डोक्यावरून जायचं. मग टीव्हीवर अमिताभ बच्चन रागवायला लागले. दोन थेंब पाजत नाही म्हणून चक्क ओरडायचे. आणि बाया हसत हसत यायच्या, "तो बच्चन खवळलाय, पाज बाई एकदाचा." हे मी या कानांनी ऐकलंय. भारतातला शेवटचा रुग्ण हावड्याला सापडला, जानेवारी २०११ मध्ये. २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. त्यात लाखो हातांचं काम आहे, पण त्या आवाजाचंही आहे. डॉक्टर नसलेल्या माणसाचा आवाज.

आणि तोच आवाज २२ मार्च २०२० ला ट्विटरवर म्हणाला की आज अमावस्या, विषाणूंची ताकद सगळ्यात जास्त, टाळ्या आणि शंखाच्या कंपनांनी ती कमी होते. सरकारच्याच माहिती खात्याला खुलासा करावा लागला की टाळ्यांनी विषाणू मरत नाही. त्यांनी नंतर ते काढून टाकलं. मी तेव्हा कोविड वॉर्डात होते. दूध आणायला जावं तसे काही लोक टाळ्या वाजवून मास्क काढून खाली उतरले होते.

मला गंमत वेगळीच वाटली. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता. पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावस्या असते हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत. म्हणजे २२ ला अमावस्या नव्हतीच! विज्ञान राहू द्या, पंचांगही चुकलं होतं. भिंतीवर कालनिर्णय टांगलेल्या घरांनी ते पुढे पाठवलं आणि कोणी मान वर करून कॅलेंडर बघितलं नाही. मीसुद्धा चार दिवसांनी बघितलं.

---

टवाळपाळी

सिस्टर, साष्टांग. हे पाडव्याचं मला आजपर्यंत सुचलं नव्हतं.

---

कोळीवाडा_एक्सप्रेस

+१. पण मग फरक काय? तेव्हा चांगलं, आता वाईट, असं कसं?

---

नेरूळची_सिस्टर

पोलिओच्या वेळी शब्द आरोग्य खात्याचे होते, आवाज त्यांचा. २०२० ला शब्द कोणाचे होते, देव जाणे. त्यांनी स्वतःच्या आजाराबद्दल सांगितलं तेव्हाही मला आदरच वाटला होता. १९८२ च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून कावीळ ब झाली आणि यकृताचा बराचसा भाग गेला, हे ते जाहीरपणे सांगतात. ते ऐकून तपासणीला आलेली माणसं मी पाहिलीत.

---

प्रतिपक्ष

आता थोडं कडू बोलतो.

डॉ. श्रीराम लागू नटच होते ना? देवाला आता निवृत्त करा, असं ते जाहीरपणे म्हणाले, तेव्हा याच संस्थळावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या असत्या. गडकरी रंगायतनला त्यांचं नाटक बघून आलेला माणूस त्यांचं देवाबद्दलचं बोलणंही त्याच भारावलेपणाने ऐकायचा. तेव्हा कोणी विचारलं नाही की हा कानाघशाचा सर्जन, हा देवाबद्दल कोणत्या अधिकाराने बोलतो? आपल्या बाजूचा नट बोलला की विचारवंत आणि समोरच्या बाजूचा बोलला की 'चेहरा बघून ऐकतो का'. धागालेखिकेला खरा त्रास नटाचा नाही, मताचा आहे.

---

घोडबंदरी

प्रतिपक्ष, हे लागलं. कालपासून त्यावरच विचार करतेय. थोडं खरं आहे. त्या दिवशी पाहुणे उलट बोलले असते, 'घंटा वाजवून काही होत नाही' असं, तर मला एवढं ढवळलं नसतं बहुतेक.

---

खारीगावचा_खारवी

प्रतिपक्ष यांचा मुद्दा अर्धा मान्य, अर्ध्यावर भांडतो.

लागू आणि दाभोलकर गावोगावी मिळून कार्यक्रम करायचे. त्याला ते भाषण नाही, वाद-संवाद म्हणायचे. मी कॉलेजात असताना असा एक ऐकलाय. लागू म्हणाले, देव नाही. दाभोलकर म्हणाले, देवाबद्दल मला भांडायचं नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाबद्दल भांडायचंय. एकाच व्यासपीठावर दोघांचं जमत नव्हतं आणि ते लपवत नव्हते! मग लोक उठायचे आणि लागूंना तोंडावर सुनवायचे, "डॉक्टर, तुमच्या आईने पूजा केली नसेल का?" ते ऐकून घ्यायचे. अधिकार असलाच तर तो त्यात होता, नटपणात नव्हता. तुमच्या क्लब हाउसात आठवीतल्या पोराला तेवढं मिळालं असतं तर मीही ऋषींना नमस्कार केला असता.

आणि हा प्रकार आपल्याकडे नवीन नाही. गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. आमचे आजोबा सांगायचे, बाबा काही सांगायचेच नाहीत, विचारत सुटायचे. देव कुठं राहतो, कर्ज काढून सण का करता, बकरं कापलं तर देव खातो का? आणि उत्तर समोरच्या शेतकऱ्याला द्यावं लागायचं. निरक्षर माणूस, हातात झाडू, आणि त्यांच्या कीर्तनाला हजारो माणसं. माइक नव्हता म्हणून ओढायचा प्रश्न नव्हता.

---

ऐरोलीचा_वाटसरू

नटांना कशाला धरून बसलात. जानेवारी २०१५ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेस आपल्या कलिन्याला भरली होती, मुंबई विद्यापीठात. मी हार्बर बदलून गेलो होतो, विद्यार्थी दशा. तिथे वैमानिक प्रशिक्षण संस्थेच्या एका निवृत्त प्राचार्यांनी प्राचीन भारतीय विमानांवर निबंध वाचला. ग्रहाग्रहांवर जाणारी, उलटसुलट उडणारी विमानं. ज्या पोथीचा आधार होता तिचा अभ्यास बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्येच करून ठेवला होता. मजकूर विसाव्या शतकातला आणि त्यातली विमानं उडणं शक्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे चाळीस वर्षं आधी उत्तर छापून तयार होतं. तरी २०१५ ला व्यासपीठ मिळालं, तेही विज्ञानाचं. दुसऱ्या वर्षी वेंकी रामकृष्णन त्या काँग्रेसला सर्कस म्हणाले. रसायनशास्त्राचं नोबेल, २००९. ते म्हणाले म्हणून बातमी झाली, आमच्या विभागातले सर वर्षानुवर्षं तेच म्हणायचे तर कँटीनच्या बाहेर जायचं नाही.

बघा, म्हणजे इथेही चेहराच लागला.

---

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. का, ते लिहिणाऱ्यांना माहीत आहे.

---

वारीला_निघालो

मी कळव्याचा. माळकरी. बाविसावी वारी केली यंदा. मला या धाग्यावर 'श्रद्धाळू' म्हणून धरून चोपायचं असेल तर चोपा, पण आधी ऐका.

त्या ऋषींचा सगळ्यात जास्त राग तुम्हाला नाही, मला यायला हवा. माझ्या विठ्ठलाला नासाचं सर्टिफिकेट कशाला पाहिजे? पहाटे देवळात घंटा वाजली की मला बरं वाटतं. लहानपणी आजीचा हात धरून कोपिनेश्वरला जायचो, ती मला उचलून घंटेपर्यंत न्यायची, ते आठवतं. यात सात सेकंद कुठे आले? उद्या कोणी घड्याळ लावून दाखवलं की नाद पाचच सेकंद टिकतो, तर मी देवळात जायचं बंद करू का? जो माणूस माझी श्रद्धा कंपनांवर टांगतो, तो ती पातळ दोरीला टांगतोय.

एक गोष्ट वाचली होती ती सांगतो. विश्व एका बिंदूतून प्रसरण पावत आलं, ही कल्पना पहिल्यांदा मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक पाद्री. झगा घालून भौतिकशास्त्र शिकवायचे. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी जाहीर भाषणात म्हटलं की विज्ञानाने आता सृष्टीच्या निर्मितीची साक्ष दिली. कोणाला वाटेल पाद्रीबुवा पेढे वाटतील. ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्मचर्चेपासून पूर्ण बाजूला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं आणि पोपने पुन्हा तसं बोलू नये यासाठी त्यांनी खटपट केली. देव मानणाऱ्या माणसाने देवाच्या बाजूने आलेली टाळी नाकारली. असा एक पाद्री आमच्या फडावर कीर्तनाला आला तर मी टाळ घेऊन मागे उभा राहीन.

आणि इस्रोवाले उड्डाणाआधी यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात त्यावर इथे दर वर्षी प्रतिसादांची शंभरी भरते. जाऊ द्या की. ते बालाजीला इंधनाचं गणित विचारायला जात नाहीत. गणित करून झाल्यावर हात जोडतात. उलट्या क्रमाने करायला लागले की मला सांगा.

---

प्रतिपक्ष

वारीला_निघालो, तुमच्याशी भांडायला आलो होतो. राहिलं.

---

कोर्टनाक्याचा_वकील

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरात करणाऱ्या नामवंतांनाही धरलंय. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत, शिवाय वर्षभर जाहिरात करायला बंदी होऊ शकते. जादूने आजार बरे करण्याच्या जाहिरातींवर तर १९५४ पासून कायदा आहे. पण सोसायटीतलं व्याख्यान ही जाहिरात नव्हे. घंटा सात सेकंद वाजते म्हणणं हा गुन्हा नाही आणि नसावाच. तिथे वकील नको, आठवीतला मुलगा हवा.

---

अनुभवी_अणू

वाशी, सेक्टर १७. खुलासा : मी धागालेखिकेच्या बी विंगमधला काका नव्हे. पण मीही अणुशक्तीनगरचाच आणि आमच्या सोसायटीत मीही तिसऱ्या रांगेतच बसतो, म्हणून गप्प का बसतो ते सांगू शकतो. तीन मिनिटांत ॐ सांगता येतो. तो कसा नाही हे सांगायला पंचवीस मिनिटं लागतात आणि तोवर वडे थंड होतात.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर, कारण इतक्या प्रतिसादांत ते कोणी दिलेलं नाही!

मुलगा बरोबर आहे. सूर्यापासून इथवर आवाज येऊ शकत नाही, मध्ये पोकळी आहे. नासा आणि युरोपच्या 'सोहो' यानाने (१९९५ मध्ये सोडलं) माइक लावला नव्हता. त्याने सूर्याचा पृष्ठभाग किती वेगाने वर-खाली होतो ते प्रकाशावरून मोजलं. सूर्य उकळत्या दुधासारखा खदखदतो आणि त्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांत एक हेलकावा घेतो. म्हणजे ३०० सेकंदांत एक कंपन. माणसाच्या कानाला सेकंदाला किमान वीसेक कंपनं लागतात. तेव्हा शास्त्रज्ञांनी चाळीस दिवसांची मोजमापं घेऊन ती ४२,००० पट वेगाने वाजवली. भागाकार करा : ४२,००० भागिले ३००, बरोबर १४०. सेकंदाला १४० कंपनं.

आता मजा. घरात पेटी असेल तर खर्जातली काळी एक दाबा. तिची कंपनं सेकंदाला साधारण १३८. आपले बरेच पुरुष गायक याच काळी एकच्या आसपास षड्ज लावतात. कोणी पुरुष आरामात बसून तोंड मिटून हुंकार भरतो, तो याच पट्टीच्या आगेमागे. मग सूर्याचा तो आवाज ॐसारखा वाटणार नाही तर काय वाटणार? ४२,००० हा आकडा माणसांनी ठरवला, आपल्या कानाला सोयीचा म्हणून. ८४,००० पट वाजवला असता तर सूर्य बाईच्या आवाजात बोलला असता. दहा लाख पट वाजवला असता तर शिट्टी.

घंटेचं म्हणाल तर घंटेचा धातू म्हणजे कांसं. तांबं साधारण ७८ भाग, कथील २२. नाद किती टिकतो ते आकार, जाडी, टांगण्याची पद्धत आणि तुम्ही किती जोरात मारता यावर. मोबाइलवर मोजता येतं. आमच्या इथल्या देवळात मी मोजलंय, पुजारी माझ्याकडे बघत होते.

एक कबुली. मी अणुभट्टीच्या धातूंवर काम केलं. पण लग्नात, बारशात, लिफ्टमध्ये लोक मला मधुमेहावर काय खावं ते विचारतात, भूकंप येणार का विचारतात, देव आहे का विचारतात. आणि वाईट हे की मी उत्तर देतो. गेल्या वर्षी कारल्याच्या रसाबद्दल मी एकाला छातीठोकपणे जे सांगितलं, ते मला कुठून कळलं होतं, आजतागायत आठवत नाही. 'सर शास्त्रज्ञ आहेत' असं कोणी म्हटलं की जीभ सैल सुटते. त्या ऋषींची दाढी खोटी, पण माझीही या बाबतीत फार खरी नाही.

---

उपवनची_आत्या

काका, हे लाखमोलाचं. पेटी काढायला लावलीत.

---

आकाशकंदील_ठाणे

अणूकाकांच्या शेवटच्या परिच्छेदावरून. हा रोग नोबेलवाल्यांनाही सोडत नाही. लिनस पॉलिंग, रसायनाचं नोबेल १९५४, शांततेचं १९६२, आणि मग उरलेलं आयुष्य क जीवनसत्त्वाच्या भल्या मोठ्या मात्रेने सर्दीपासून कर्करोगापर्यंत सगळं बरं होतं हे सांगण्यात. मेयो क्लिनिकने चाचण्या घेतल्या, कर्करोगावर काही फरक दिसला नाही. तरी आजही शिंक आली की आमच्याकडे आंबट गोळी चघळतात. कॅरी मलिस यांना १९९३ चं नोबेल ज्या पीसीआर तंत्रासाठी मिळालं, त्यावर २०२० मध्ये आपण सगळे नाकात काडी घालून घेऊन उभे होतो. पण त्याच माणसाने एचआयव्हीमुळे एड्स होतो हे मानलं नाही.

मला मात्र बोलायचंय ते नारळीकरांबद्दल. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हापासून राहून गेलंय. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी शिजतात ते सांगणारा थोर माणूस. आणि हेच हॉइल पुढे म्हणाले की फ्लूच्या साथी अंतराळातून येतात आणि लंडनच्या संग्रहालयातला आदिपक्ष्याचा जीवाश्म बनावट आहे. संग्रहालयाने तपासणी करून तो खरा असल्याचं दाखवलं.

आता शिष्य काय करतो बघा. जंतू अंतराळातून येत असतील ही गुरूची कल्पना. शिष्याने ती डोक्यावरही घेतली नाही आणि फेकलीही नाही. हैदराबादहून फुगे सोडले, २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. २००५ च्या फेरीतल्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या, एकीला हॉइल यांचं नाव दिलं, एकीला आर्यभटाचं. आणि सोबत स्वच्छ सांगितलं की हे अंतराळातूनच आलेत असं यावरून सिद्ध होत नाही.

ज्योतिषाचंही तसंच. थोतांड म्हणून मोकळं होणं त्यांना सहज शक्य होतं. नारळीकर म्हणाले की पुरे, आम्ही मान डोलावलीच असती. त्याऐवजी दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, ज्योतिषांना जाहीर बोलावलं. ५१ जणांनी तयारी दाखवली. प्रत्येकाला ४० कुंडल्या, एवढंच सांगायचं की मूल कुठल्या गटातलं. उत्तरं २७ जणांची आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नास.

हे सगळं कशासाठी लिहिलं? स्वतःच्या नावाचं वजन खिशात ठेवून माणूस आकडे पुढे करतो, हे मला नेहमी थोर वाटत आलंय. गंमत अशी की स्वतःच्या विषयात, महास्फोटाच्या (विश्व एका बिंदूतून सुरू झालं या सिद्धांताच्या) बाबतीत, ते शेवटपर्यंत अल्पमतात होते. म्हणजे नारळीकर म्हणाले म्हणून ते खरं, असं तिथेही नाहीच.

---

कोळीवाडा_एक्सप्रेस

सहमत. अवांतर : आयुकाला, म्हणजे नारळीकरांच्या पुण्यातल्या खगोल संस्थेत, लहानपणी सहलीला नेलं होतं. ते मुलांना सही देताना म्हणायचे, आधी पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करीन. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना प्रश्नच सुचेना, सही मात्र हवी होती.

---

टवाळपाळी

घोडबंदरी गायब? सोसायटीने काढलं की काय समितीतून?

---

घोडबंदरी

नाही काढलं. उलट झालं, सांगते.

परवा समितीची हिशेबाची बैठक होती. मी म्हटलं, पुढच्या वर्षी व्याख्यानानंतर अर्धा तास प्रश्नोत्तरं. अध्यक्ष म्हणाले, पाहुण्यांचा अपमान होतो. खजिनदार म्हणाले, आरतीला उशीर होतो. घासाघीस करून दहा मिनिटं मिळाली, प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे. चिठ्ठ्या निवडणार अध्यक्ष. असो, दहा तर दहा.

बी विंगच्या काकांकडे जाऊन आले. त्यांना म्हटलं, मी तुम्हाला मत दिलं नव्हतं. ते म्हणाले, मला माहीत आहे, लिफ्टमध्ये तुम्ही तेव्हापासून मोबाइल बघता. मग चहा दिला. त्या दिवशी बोलला का नाहीत विचारलं तर म्हणाले, "मी हात वर करणारच होतो, पण त्या मुलाने माझ्यापेक्षा चांगला प्रश्न विचारला. उत्तराची वाट बघत होतो." मला तिथे बसवेना.

मग काल त्या मुलाला आणि त्याच्या आजीला घरी बोलावलं. आजींची पेटी आहे, भजनी मंडळातली, ती घेऊन आल्या. मी अनुभवी_अणूंचा प्रतिसाद छापून ठेवला होता. मुलाने आधी ४२,००० भागिले ३०० स्वतः केलं, माझ्यावर विश्वास ठेवला नाही. बरं केलं. मग काळी एक दाबून धरली, आजींनी भाता मारला. आजी डोळे मिटून म्हणाल्या, "मला तर ॐच वाटतो बाई." मुलगा म्हणाला, "आजी, वाटू दे की, मला पण वाटतोय." आणि लगेच, "पण काकू, सूर्य खदखदतो तर तो पाच मिनिटांनीच का? दहाने का नाही?"

मी पुन्हा आरतीची वेळ बघितली, सवयीने. मग म्हटलं, मला माहीत नाही, विचारते. तर अनुभवी_अणू, विचारतेय.

---

अनुभवी_अणू

हा प्रश्न त्याने मला माझ्या ऐन नोकरीत विचारला असता तर मी त्याला गप्प बसवलं असतं. वाचून, माझ्या एका खगोलवाल्या मित्राला विचारून मग लिहितो. धातूवाल्याने सूर्यावर ठोकून द्यायचं नाही, असं ठरवलंय. हा आठवडा तरी.

---

वारीला_निघालो

ती भजनी मंडळाची पेटी आधी सुरात आहे का बघा. आमच्याकडची जुनी पेटी अर्धा स्वर चढी आहे. तिच्यावर काळी एक म्हणजे खरं तर पांढरी दोनच्या जवळ गेलेली असणार.

---

घोडबंदरी

अरे देवा. मुलाने प्रकल्पात लिहून टाकलंय. मोबाइलवर मोजायचं ते अॅप कुठलं?